सात नंबरची तुळई

ठोकळेकाकांचं खरं नाव कॉलेजच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच सुखात होतं. बाकी सगळ्या इमारतीला ते ठोकळेकाका. काँक्रीटचे वीतभर ठोकळे ओतायचे, अठ्ठावीस दिवस पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचे, मग मशीनखाली घालून फोडायचे आणि किती वजनाला फुटला ते वहीत लिहायचं, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. काकांनी जेवढं फोडलंय तेवढं एखाद्या भूकंपानंही फोडलं नसेल, असं विद्यार्थी म्हणायचे. काका त्यावर खूश व्हायचे. "भूकंप नोंद कुठे ठेवतो?" म्हणायचे.

त्यांची प्रयोगशाळा तळमजल्यावर, इमारतीच्या पाठीमागे होती. मधोमध मशीन, खिडकीखाली लांबलचक टाकी, कोपऱ्यात तेल लावून रचलेले लोखंडी साचे. मागचं दार उघडलं की हातभर रुंदीची फरशी आणि विहिरीच्या पाण्याचा एक नळ. हा नळ रात्रंदिवस ठिबकायचा. प्लंबर तीनदा येऊन गेला होता, पण नळानं कुणालाच दाद दिली नव्हती.

काकांच्या दोन सवयी होत्या आणि दोन्ही एकाच दुपारी लागलेल्या. विशीत असताना ते बांधकामावर पाणी मारायच्या कामाला होते. नवा स्लॅब सात दिवस ओला ठेवायचा, बस, एवढंच काम. तिसऱ्या दिवशी भर उन्हात त्यांचा डोळा लागला. जागे होऊन वर जाऊन बघतात तो स्लॅबवर कोळ्याचं जाळं विणल्यासारख्या भेगा. तोंडचं पाणीच पळालं त्यांचं. मिस्त्री वर आला, त्यानं बघितलं, शिवी दिली नाही की हात उगारला नाही. घमेल्यात सिमेंट कालवलं, ब्रशानं त्या भेगांवर फासलं आणि म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला बोलू नकोस." त्या दिवसापासून काकांनी आयुष्यात पाणी मारायला कधी उशीर केला नाही, आणि आपली चूक आपण होऊन कधी कुणाला सांगितली नाही. पहिल्या सवयीचं कौतुक झालं. दुसरी कुणाला दिसलीच नाही, कारण ती न दिसण्यासाठीच असते.

कडा फुटलेला ठोकळा त्यांच्या लॅबमध्ये कधी कुणी पाहिला नव्हता. बारा मागितले की काका तेरा ओतायचे. एखादा बिघडला तर तो गुपचूप मागच्या दारानं बाहेर, आणि तेरावा त्याच्या जागी. वहीत नंबर, तारीख, वजन, आणि शेवटच्या रकान्यात शेरा: "ठीक." एकतीस वर्षं ठीक. माणसाचंच काय, देवाचंही सगळं इतकं ठीक चालत नाही, पण वही वाचतंय कोण!

निवृत्तीला आठ महिने उरले असताना विभागप्रमुख एका मुलीला घेऊन खाली आले. संशोधन करणारी, चष्मा, खांद्याला जड पिशवी, आणि झोप न झालेले डोळे. "ही स्वतःहून भरून येणाऱ्या काँक्रीटवर काम करतेय," सर म्हणाले. "तिला लागेल ते द्या."

"स्वतःहून भरून येणार?" काका म्हणाले. "मग आम्ही काय करायचं, टाळ्या वाजवायच्या?"

मुलगी हसली. काकांना ती त्याच क्षणी आवडली, पण मॅडम म्हणायचं त्यांनी सोडलं नाही. मान तो मान.

चहाच्या वेळी तिनं समजावून सांगितलं. "काका, काँक्रीटला भेग जाणारच. सुकताना आकसतं, उन्हात फुगतं, वजनाखाली वाकतं. एकदा भेगेतून पाणी आत शिरलं की सळई गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते."

"हे मला सांगताय होय?"

"नाही, पुढचं ऐका. काँक्रीट ओततानाच त्यात जीवाणू घालायचे. झोपलेले. सोबत त्यांचं खाणं. कोरडं आहे तोवर ते वर्षानुवर्षं झोपून राहतात. भेग पडली, पाणी आत आलं की जागे होतात, खातात, आणि चुन्यासारखं पांढरं काहीतरी बनवतात. त्यानं भेग भरते."

काकांनी कप खाली ठेवला. "म्हणजे खपली धरते म्हणा की."

मुलीनं पिशवीतून वही काढून तो शब्द लिहून घेतला. आपण बोललेलं कुणी लिहून घेतंय, हे काकांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. मग तेही खुलले. केसाएवढी भेग नुसत्या पाण्यातही बुजते, पांढरी रेघ उमटते, हे मी कितीदा पाहिलंय, असं त्यांनी सांगितलं. "बरोबर," ती म्हणाली, "ते आतलं उरलेलं सिमेंट करतं. पण अर्ध्या मिलिमीटरची भेग त्याच्या आवाक्यातली नाही. मला ती भरायची आहे."

हळूहळू तिनं बाकीचंही सांगितलं. तीन वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी जीवाणू मिक्सरमध्येच मेले, दुसऱ्या वर्षी जगले पण जागे झाले नाहीत. सरांनी आता शेवटची संधी दिली होती. भेग पाडल्यापासून बेचाळीस दिवसांत भरली तर पुढे जायचं, नाही तर विषय बदलून पहिल्यापासून सुरुवात. "आईला वाटतंय मी शिकतेच आहे कधीची," ती म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली. काकांनी तिच्यासाठी आणखी एक चहा मागवला.

बारा तुळया ओतायच्या होत्या. हातभर लांब, चार बोटं जाड, आत एक बारीक तार, म्हणजे भेग पडली तरी दोन तुकडे होत नाहीत. एक ते सहा साध्या, सात ते बारा जीवाणूंच्या, हिरव्या रंगात नंबर टाकलेल्या. काकांनी सवयीप्रमाणे जीवाणूंच्याच मिश्रणातून एक तेरावी ओतली आणि बोलले नाहीत.

अठ्ठावीस दिवसांनी त्यांनी एकेक तुळई मशीनवर हलक्या हातानं वाकवली. फोडणं सोपं, पण मोजून अर्धा मिलिमीटर भेग पाडणं म्हणजे भाताचं एकच शीत दाबून बघण्यासारखं, आणि ते काम अख्ख्या कॉलेजात एकट्या काकांनाच जमायचं. मुलगी भिंगातून भेग मोजायची, फोटो काढायची, नंबर लिहायची. बारा झाल्या तेव्हा ती जेवायला गेली आणि काका तुळया टाकीत सोडायला लागले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. काकांचं उजवं मनगट दोन वर्षांपासून दगा देत होतं. बायको सोडून कुणाला माहीत नव्हतं. कळलं तर वरच्या ऑफिसात कागद चिकटवायला बसवतील, आणि शेवटचे महिने डिंकात जातील, ही त्यांना धास्ती. म्हणून ढकलगाडी असूनही ते सगळ्यांसमोर ओझी हातानंच उचलायचे. सहा तुळया पाण्यात गेल्या. सातवी उचलली, मनगटातून कळ गेली, आणि ती फरशीवर आपटली. एक कोपरा उडाला.

काकांनी आधी दाराकडे बघितलं. मग तुळईकडे. मग जे एकतीस वर्षं करत आले तेच केलं. तुळई मागच्या दारानं बाहेर नेली, नळाखाली आडवी टाकली, वर बादली ठेवली. तेरावी मशीनवर घालून तितकीच भेग पाडली, हिरव्या रंगात सात काढला आणि पाण्यात सोडली. मुलगी जेवून आली तेव्हा काका वहीत शेरा लिहीत होते.

पुढचे दिवस त्यांनी त्या टाकीची अशी काळजी घेतली की जणू आत लेकरू निजलंय. दर सोमवारी पाणी बदललं. शेवाळ धरू नये म्हणून दर वेळी दोन मुठी ब्लीचिंग पावडर टाकायची त्यांची पद्धत होती. मॅडमच्या कामावर डाग नको म्हणून आता तीन टाकायला लागले.

चौदाव्या दिवशी मुलीनं तुळया बाहेर काढून भिंग लावलं. काही नाही. भेगा जशाच्या तशा. वर सात नंबरचा फोटोही जुळेना. "फोटोतली भेग सरळ आहे, ही वाकडी," ती स्वतःशीच पुटपुटली. "म्हणजे मीच नंबरांचा घोटाळा केला. आता बाकीच्यांवर तरी विश्वास कसा ठेवायचा?" काका चार पावलांवर साचा धूत होते. त्यांनी तो स्वच्छ साचा आणखी दोनदा धुतला.

अठ्ठाविसाव्या दिवशीही तेच. तो शुक्रवार होता. मुलगी टाकीच्या काठावर बसून राहिली. तिला जरा बोलतं करावं म्हणून काकांनी विचारलं, "हे तुमचे जीव मरतात तरी कशानं?"

"तसे चिवट असतात. झोपलेले असताना उकळत्या पाण्यालाही चटकन दाद देत नाहीत. पण जागे झाल्यावर नाजूक. साबण, ब्लीचिंग, असलं काही लागलं की संपले. पण इथे तर साधंच पाणी आहे ना."

काकांनी किल्ल्या घेतल्या आणि घरी गेले.

शनिवारी त्यांना जेवण गेलं नाही. बायको कपडे अल्टर करून द्यायची. शिलाई मशीनवरची मान वर न करता तिनं दोनदा विचारलं, काका दोनदा "काही नाही" म्हणाले. रविवारी सकाळी मात्र ती घंगाळात गरम पाणी घेऊन त्यांच्यापुढे बसली. सिमेंटमध्ये उभं राहून काकांच्या टाचांना बोट जाईल अशा भेगा पडल्या होत्या, आणि ते त्यावर मोजे चढवून मोकळे व्हायचे. "लोकांच्या भेगा भिंगातून बघता," ती म्हणाली, "आणि स्वतःच्या?"

टाच तिच्या हातात असताना काकांनी सगळं सांगून टाकलं. ब्लीचिंग, सात नंबर, मनगट, सगळं.

"पोरीला सांगितलंत?"

"निवृत्तीला सहाच महिने राहिलेत गं."

"तिचे किती राहिलेत?"

तिनं वजरी घेतली आणि टाच घासायला सुरुवात केली. "मोज्यानं भरते का टाच? किती वर्षं सांगतेय. आधी धुवायची, खरवडायची, मग मलम. ओरडा हवं तर." काका खरंच ओरडले. ती बोलत होती ते टाचेबद्दलच होतं, पण काकांसाठी ते टाचेपुरतं राहिलं नाही.

सोमवारी ते टाकीकडे गेलेच नाहीत, सरळ विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. मुलगी तिथेच होती. बेचाळीस दिवस भरायच्या आधीच तिनं आशा सोडली होती आणि सर तिला विषय बदलण्याचा अर्ज कसा करायचा ते सांगत होते. खुर्ची दाखवली तरी काका बसले नाहीत.

"सर, टाकीत मी ब्लीचिंग टाकत होतो. दर सोमवारी. या वेळी जास्तच टाकलं. मॅडमचे जीव माझ्यामुळे मेले."

सरांचा आवाज चढला. एकतीस वर्षं काम केलेल्या माणसाला विचारावंसं वाटू नये, कुणाच्या तीन वर्षांचा हा प्रश्न आहे, वगैरे वगैरे. ते चुकीचं बोलत नव्हते. काका खाली मान घालून ऐकत राहिले. त्यांच्या मनात एकच येत होतं, की भेग पडली, पाणी आत आलं, बिचारे झोपेतून जागे झाले, आणि नेमकं तेव्हाच आपण मूठ उघडली.

मुलगी रडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "सर, काकांना नका बोलू. मीच त्यांना सांगायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर माझ्याही नोंदी धड नाहीत. सात नंबरचा फोटो जुळत नाही. असलं काम करणारीनं विषय बदललेलाच बरा."

ब्लीचिंगचं सांगून सुटलो, असं काकांना दोन मिनिटांपूर्वी वाटलं होतं. आता कळलं की अर्धी भेग उघडून भागत नाही. ही पोर त्यांचं पाप आपल्या पदरात घेऊन निघाली होती.

"तुझ्या नोंदी बरोबर आहेत, पोरी," ते म्हणाले. मॅडम कधी गळून पडलं ते त्यांनाही कळलं नाही. "फोटो बरोबर आहे. तुळई खोटी आहे. खरी सात नंबर माझ्या हातून पडली, कोपरा उडाला. मी ती लपवली आणि दुसरी ठेवली."

सर आता ओरडलेही नाहीत. कपाळाला हात लावून बसले.

मुलगी मात्र ताडकन उठली. "कुठे लपवली?"

"मागे. नळाखाली."

"कुठल्या नळाखाली? तो ठिबकतो तो? विहिरीचं पाणी? काका, त्यात ब्लीचिंग?"

"त्यात कशाला कोण टाकतंय!"

ती जिन्यावरून दोन दोन पायऱ्या सोडत खाली धावली. मागून काका, त्यांच्यामागून सर, आणि इतकी पळापळ कशाची म्हणून वाटेतले चार-पाच विद्यार्थी. मागचं दार उघडलं. बादली भरून वाहत होती, पाणी तुळईवरून ओघळत होतं. काकांनी बादली उचलायला हात घातला आणि मनगटानं पुन्हा कळ दिली. मुलीनंच ती ओढून बाजूला केली.

हिरवा सात होता. उडालेला कोपरा होता. आणि मध्ये, भेग होती तिथे, एक पांढरी खरबरीत रेघ होती. मुलीनं गुडघ्यावर बसून भिंग लावलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, परत आणलं. "खालच्या टोकाला एवढीशी उघडी आहे," ती म्हणाली. "बाकी भरलीय. काका, भरलीय!" आणि टाकीकाठी न आलेलं रडू तिला त्या ओल्या फरशीवर आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

तिनं भिंग काकांच्या हातात दिलं. काका वाकले. उभा जन्म त्यांनी काँक्रीट फुटताना पाहिलं होतं, आणि एवढं फुटलेलं जोडलं गेलेलं हे पहिलंच. खपलीच होती ती, गुडघ्यावर धरते तशी. त्यांचेही डोळे भरले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"एका तुळईनं काही सिद्ध होत नाही," सर म्हणाले. पण मग तेही वाकले, भिंग घेतलं, आणि बराच वेळ उठले नाहीत. उठल्यावर म्हणाले, "चार महिने देतो. सगळं पुन्हा करायचं. टाकीत विहिरीचं पाणी." आणि काकांकडे वळून, "लेखी द्या."

काकांनी वेगळा कागद घेतला नाही. लॅबची वही उघडली, सात नंबरसमोरचं "ठीक" एका रेघेनं खोडलं आणि रकान्यात मावेना म्हणून आडवं लिहिलं: "माझ्या हातून पडली. मी लपवली. टाकीत ब्लीचिंग मीच टाकलं. मनगट दुखतं, उचलवत नाही." खाली सही केली. सरांनी ते उभ्यानं वाचलं. काका वरच्या ऑफिसात जायच्या तयारीनं किल्ल्या काढून उभे होते. "मनगटाचं आधी का नाही बोललात?" एवढंच सर म्हणाले. "भेग कुणाला पाडता येते इथे तुमच्याशिवाय? उचलायला काय, कुणीही उचलेल." किल्ल्या काकांच्या हातातच राहिल्या.

चार महिन्यांनी काय झालं ते सांगूनच टाकतो, जीव टांगणीला कशाला लावायचा. साध्या सहाच्या सहा उघड्या राहिल्या. जीवाणूंच्या सहापैकी पाच भरल्या, एक हट्टी निघाली. ब्लीचिंगनं काय होतं यावर मुलीनं वेगळं प्रकरण लिहिलं, कारण पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांत तेच पडतं आणि हा प्रश्न कुणाला तरी कधीतरी पडणारच होता. काकांची चूक अशी छापून आली. काकांनी ती पानं बायकोला दाखवली. तिनं विचारलं, "नाव घातलंय का?" ते म्हणाले, "नाही." "मग बरंय," ती म्हणाली.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या खेपेच्या तुळया टाकीत सोडल्या त्या दिवसाचं. काकांनी मशीनवर भेगा पाडून दिल्या आणि हात धुवायला मागच्या नळावर गेले. तुळया उचलून टाकीत ठेवायचं काम आता मुलगी करत होती. तेवढ्यात आतून धप्पकन आवाज आला. हा आवाज काका झोपेतही ओळखतील. ते थिजले. कान दाराकडे लागले. लॅबमध्ये तिच्याशिवाय कुणी नव्हतं, तेरावी तुळई कोपऱ्यात होती, रंगाचा डबा उघडाच होता.

"काका!" अख्खी इमारत ऐकेल असा आवाज आला. "माझ्या हातून पडली!"

काका ओल्या हातानं दारात आले. मुलगी अपराध्यासारखी उभी होती, पायाशी तुळई, कोपरा उडालेला. काका तिच्याकडे बघत राहिले. त्यांना तो स्लॅब आठवला, मिस्त्रीचं घमेलं आठवलं. मग ते हसायला लागले, आणि हसू काही आवरेना.

"नंबर?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आठ."

"वहीत लिही," काका म्हणाले, "आणि आण इकडे. नळाखाली जागा आहे."